शिवड्याचा सांगाडा: शाळेच्या प्रयोगशाळेसाठी केलेल्या कामाच्या नोंदी

दूधगंगेच्या काठावरील आमच्या शाळेत फॉर्मालीनच्या बरण्यांमध्ये ठेवलेले मासे होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे पाणी वर्गांत शिरले तेव्हा त्यांतले काहीच हाती लागले नाही. नव्याने नमुने करताना बरण्यांऐवजी हाडांचा सांगाडा करावा आणि तो आपल्याच नदीतल्या मोठ्या शिकारी माशाचा असावा, असे विज्ञान विभागात ठरले. रोहू-कटल्याच्या मांसात विखुरलेले बारीक काटे असतात आणि ते सोडवून पुन्हा जागेवर बसवणे जवळजवळ अशक्य असते. मिशांच्या माशांत ते नसतात, म्हणून शिवडा निवडला. चिकोडी, अथणी, निपाणी भागात कोणी असे काम हाती घेणार असेल, तर त्याला या नोंदींचा उपयोग व्हावा.

१९ जानेवारी २०२५, रविवार

अंकलीच्या पुलाजवळ पहाटे जाळी सोडवणाऱ्या मासेमारांकडून सव्वापाच किलोचा शिवडा २८० रुपये किलोने घेतला. आपल्याकडचे कन्नडभाषक मासेमार यालाच बाळे म्हणतात. जानेवारी महिना मुद्दाम निवडला होता. पावसाळ्यात नदी पात्राबाहेर पसरली की हा मासा अंडी घालण्यासाठी उथळ, नव्याने भिजलेल्या जमिनीकडे सरकतो, आणि त्या दिवसांत जाळ्यात आलेल्या मोठ्या माद्या बहुधा गाभोळीने भरलेल्या असतात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जातींची नोंद ठेवणाऱ्या लाल यादीत ही जात ‘असुरक्षित’ गटात आहे. शाळेच्या कपाटासाठी अंड्यांवर आलेली मादी विकत घेणे आम्हाला कोणालाच पटले नसते.

मासा घेताना ओळख नीट पटवून घ्यावी, कारण बाजारात मिशांचा कोणताही मोठा मासा याच नावाने खपवला जातो. शिवड्याच्या मिशा दोनच जोड्या असतात. वरची जोडी इतकी लांब असते की मागे वळवून धरली तर ती पोटाखालच्या पराच्या सुरुवातीच्याही पुढे जाते, तर खालची जोडी आखूड असते. पाठीवरचा पर अगदी लहान, पाच किरणांचा (म्हणजे पराला ताठ धरणाऱ्या काड्यांचा) आणि बिनकाट्याचा असतो. ज्याच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत लांबच लांब पर आणि तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या दिसतील तो मांगूर, मग विकणारा काहीही म्हणो.

मी जबड्याची लांबी मोजत होतो तेव्हा जाळे आवरणारे वयस्क मामा म्हणाले, “सर, ह्येच्या तोंडात बोट घालू नगा. मेल्यावरबी धरतोय ह्यो.” मला तो इशारा नेहमीच्या गमतीतला वाटला, पण हातमोजा घालून बोट आत सरकवल्यावर त्यातला अर्थ कळला. दात एका ओळीत नसतात, वरच्या आणि खालच्या जबड्यावर त्यांचे रुंद पट्टे असतात, आणि टाळूवरही पुढच्या बाजूला दातांचे ठिपके असतात. टोके आत, घशाकडे वळलेली असतात. बोट आत जाताना काही जाणवत नाही, बाहेर ओढताना मोजा अडकतो आणि फाटतो. हे दात चावण्यासाठी नाहीत, धरून ठेवण्यासाठी आहेत. शिवडा भक्ष्याचे तुकडे करत नाही, अख्खे गिळतो.

घरी आणल्यावर, कापण्याआधी, तोंडापासून शेपटीपर्यंत लांबी ९८ सेंटिमीटर भरली. दोन्ही बाजूंनी, वरून, खालून आणि तोंड उघडून छायाचित्रे काढली, आणि परांची जागा कागदावर मापाने उतरवून घेतली. पुढच्या महिन्यांत सर्वाधिक कामी आला तो हा कागदच.

२० जानेवारी

काल रात्री पोट उघडले. जठरात अर्धवट पचलेली तळहाताएवढी चिलापी (तिलापिया मासा) आणि झिंग्यांचे अवशेष मिळाले. चिलापीचे डोके शिवड्याच्या शेपटीकडे होते, म्हणजे ती डोक्याकडून गिळली गेली होती. चिलापीच्या पाठीवरचे टोकदार काटे डोक्याकडून गिळताना मागे मिटतात. शेपटीकडून गिळली तर तेच काटे उभे राहून घशात अडकतील. जठर कापताना सातवीतील दोन मुले समोर होती. वर्गात ‘मांसाहारी मासा’ हा शब्द पाठ करून जे समजत नाही ते त्यांना त्या पाच मिनिटांत समजले.

मांसाचे मोठे तुकडे सुरीने काढून घेतले आणि त्यांचे कालवण झाले, त्यामुळे काही वाया गेले नाही.

डोके धडापासून वेगळे करण्याची जागा मात्र चुकली. बाजारात कापतात तसे कल्ल्यांच्या झाकणामागे लगेच सुरी घातली आणि मधेच कडक हाड लागले म्हणून कोयता चालवला. मिशांच्या माशांत कवटीला लागून असलेले सुरुवातीचे मणके एकमेकांत जुळून एकच गुंतागुंतीचा ठोकळा झालेला असतो, आणि छातीच्या परांचा पट्टाही कवटीच्या मागच्या बाजूला घट्ट बांधलेला असतो. कोयत्याने तो ठोकळा दुभंगला. कापायचेच असेल तर डोके, छातीचा पट्टा आणि हा ठोकळा एकत्र ठेवून त्यामागच्या सुट्या मणक्यांच्या सांध्यात कापावे. बोटाने दाबत गेल्यास मणके कुठे सुटे होतात ते वरूनही कळते.

२६ जानेवारी

झेंडावंदन आटोपल्यावर धड मोठ्या पातेल्यात घालून मंद आचेवर ठेवले. मांस शिजून हाडे सुटी करण्याची ही पद्धत लवकर होणारी म्हणून निवडली होती. मणके स्वच्छ निघाले, पोटाखालच्या लांब पराचा मात्र पूर्ण नाश झाला.

हा पर म्हणजे शिवड्याच्या शरीराचा सर्वात वेगळा भाग आहे. तो पोटाच्या मागच्या टोकापासून शेपटीजवळ पोहोचेपर्यंत चालतो आणि त्यात ऐंशी-नव्वद किरण असतात. मासा पाण्यात एका जागी थांबून पुढे-मागे सरकतो तो याच पराच्या लहरीवर. त्यातला प्रत्येक मऊ किरण वस्तुतः डाव्या-उजव्या दोन अर्ध्या काड्यांचा बनलेला असतो, त्यांना एकत्र धरणारी कातडी शिजली की त्या सुट्या होतात. पातेल्याच्या तळाशी ऐंशी किरणांऐवजी त्याच्या दुप्पट सळया, आणि शिवाय प्रत्येक किरणाला आतून आधार देणारे एकेक सुटे हाड, असा ढीग मिळाला. तो क्रमाने लावण्याचा प्रयत्न दोन संध्याकाळी केला आणि सोडून दिला. सळयांच्या लांबीत शेजारी-शेजारी फरक इतका थोडा आहे की क्रम ठरवण्याचे कोणतेही साधन हाताशी नव्हते.

९ फेब्रुवारी

डोके शिजवायचे नाही, हे धडाच्या अनुभवावरून ठरले. उकळत्या पाण्यात कवटीची पातळ हाडे वाकतात आणि खालच्या जबड्याचे दोन अर्धे हनुवटीपाशी सुटतात. म्हणून ते प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बादलीत कोमट पाण्यात बुडवून, कपडे धुण्याची एन्झाइम असलेली पावडर चमचाभर घालून, गच्चीवर उन्हात ठेवले. पाणी गरम राहिले की कुजणे जलद होते. वास किती येतो हे लिहून कळणार नाही. गच्ची शेजाऱ्यांच्या गच्चीला लागून असेल तर हे काम शेतात किंवा गोठ्यामागे करावे, आम्हालाही शेवटी बादली ओढ्याकाठच्या मळ्यात हलवावी लागली.

मळ्यात उरलेले मांस मुंगळ्यांकडून काढून घ्यावे म्हणून डोके दोन रात्री उघड्या परातीत ठेवले. मांस त्यांनी नेले, आणि त्याबरोबर कोयत्याने फुटलेल्या ठोकळ्यातून सुटी झालेली कानामागची इवलीशी हाडेही नेली असावीत, कारण ती नंतर कुठेच मिळाली नाहीत. ही हाडे हवेच्या पिशवीतील कंप आतल्या कानापर्यंत पोहोचवतात. गढूळ पाण्यात रात्री शिकार करणाऱ्या आणि डोळे लहान असलेल्या माशाला ऐकणे किती महत्त्वाचे, हे सांगण्यासाठी तीच दाखवायची होती, आता त्या जागी पाटीवर चित्र लावावे लागेल. पुन्हा करताना परात नको. बारीक जाळीची, चारही बाजूंनी शिवलेली पिशवी करून तिच्यात डोके ठेवावे, म्हणजे मुंग्या आत जातील आणि हाडे बाहेर येणार नाहीत.

१६ फेब्रुवारी

बादलीतले पाणी गाळताना दोन लहान काड्यांसारखी हाडे मिळाली. त्यांना दात नाहीत, सांधाही धड दिसत नाही. जबड्याचा तुकडा समजून ती कुठे बसवावी याचा घोळ दोन-तीन दिवस चालला. शेवटी पहिल्या दिवशीच्या छायाचित्रात वरच्या मिशांची मुळे पाहून उलगडा झाला. मिशांच्या माशांत वरच्या जबड्याचे हे हाड दात गमावून आखूड झालेले असते आणि लांब मिशीला मुळाशी आधार देण्याचे काम करते. दातांचे वरचे पट्टे त्याच्या पुढच्या वेगळ्या हाडावर असतात. दुसऱ्या कोणाला अशी बिनदाताची जोडी सापडली तर टाकून देऊ नये.

कवटी हलवली की आत खडखडते. आतल्या कानाच्या पोकळीतले दगड सुटले आहेत. मोठा दगड चिमट्याने बाहेर काढला, तो तांदळाच्या कणीएवढा, पांढरा आणि एका बाजूला किंचित फुगीर आहे. सापडताच तो लहान काचनळीत घालून झाकण लावले, कारण हातातून निसटला तर पुन्हा सापडणार नाही.

२३ फेब्रुवारी

पराचा प्रश्न असा सोडवला. निपाणीच्या बाजारात मासे कापून विकणाऱ्याला, शिवडा आला तर पोटामागचा भाग पर न छाटता ठेवण्यास सांगून ठेवले होते. सवयीने तो पहिला घाव परांवरच घालतो, त्यामुळे समोर उभे राहावे लागले. मिळालेला भाग ५२० रुपयांना पडला आणि तो आमच्या माशापेक्षा लहान माशाचा निघाला.

या वेळी काहीही शिजवले नाही. दोन्ही बाजूंचे मांस सुरीने आणि नंतर जुन्या दात घासण्याच्या ब्रशने खरवडून काढले, पर आणि त्याच्या आतल्या आधाराच्या हाडांची रांग कातडीसह तशीच राखली. थर्माकोलच्या फळीवर ती लांबवून, प्रत्येक चार-पाच किरणांमध्ये एकेक टाचणी बाजूला टोचून (किरणातून टोचायची नाही, तो फाटतो), वरून पातळ कागद अंथरून, सावलीत पंख्याखाली वाळवली. उन्हात वाळवली असती तर कातडी आखडून पर अर्धचंद्रासारखा वाकला असता. कडेच्या एका तुकड्यावर तसा अनुभव आला म्हणून बाकीचा आत आणला. शेपटीचा परही असाच केला. शेपटी खोल दुभागलेली असून वरचा भाग खालच्यापेक्षा लांब आहे, तो टाचण्यांनी ताणताना दोन्ही टोके सारखी करण्याचा मोह आवरावा लागतो.

९ मार्च

मणके पिवळे पडले आहेत आणि हाताला तेलकट लागतात. मिशांच्या माशांच्या हाडांत चरबी मुरलेली असते. ती न काढता सांगाडा बसवला तर काही महिन्यांनी ती बाहेर झिरपते, धूळ धरते आणि वास येतो. मणके भांडी घासण्याच्या द्रवाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवले आहेत. पाणी बदलले की वर तेलाचा पातळ थर येतो, तो येणे थांबेपर्यंत हेच करायचे. कवटीसाठी काचेच्या बंद बरणीत ॲसिटोन वापरले. ते पटकन पेट घेते, म्हणून हे काम शाळेच्या आवारात उघड्यावर केले आणि मुलांना लांब ठेवले.

पांढरेपणासाठी ब्लीचिंग पावडर चालेल, असे एकाने आग्रहाने सुचवले होते. कल्ल्याच्या एका झाकणावर ते करून पाहिले. हाड पांढरे झाले, पण वाळल्यावर त्याचा पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरीत झाला आणि कडेचा कपचा निघाला. ब्लीच हाडातला चिवट सेंद्रिय भाग खाते, त्यामुळे ते हाडांच्या कामात वापरूच नये. औषधांच्या दुकानात ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते, त्यात तितकेच पाणी मिसळून हाडे एक दिवस बुडवली तर पुरेसे होते. त्यापेक्षा जास्त पांढरा सांगाडा मला तरी खोटा वाटतो.

मधल्या काळात दहावीच्या परीक्षा होत्या, काम थांबले.

६ एप्रिल

पाडव्यानंतर जुळणी सुरू केली. मण्यांसारखे मणके तारेत ओवायचे, तार मणक्यांच्या वरच्या कमानीतून घ्यायची. खालच्या कमानीतून घेतली तर पाठ उलटी बाकते. मणक्यांचा क्रम मात्र फार अवघड नाही, शेपटीकडच्या मणक्यांना खालच्या बाजूने काटे असतात आणि पोटाच्या भागात त्यांच्या जागी फासळ्यांचे आधार दिसतात. दोन लगतच्या मणक्यांमध्ये पातळ पुठ्ठ्याची चकती घातली नाही तर सांगाडा मूळ माशापेक्षा आखूड भरतो. आमचा पहिला प्रयत्न कागदावरच्या मापाशी जुळेना, तेव्हा हे लक्षात आले.

लहान माशाचा पर मोठ्या माशाच्या धडाला लावताना लांबीत तफावत राहतेच. पुढच्या टोकाला जागा सोडून मागचे टोक शेपटीशी जुळवले, आणि सांगाडा दोन माशांचा आहे हे पाटीवर स्पष्ट लिहिले.

छातीच्या पराचा काटा कापण्याचा उद्योगही केला. सोनाराच्या बारीक करवतीने त्याच्या मुळाजवळून पातळ चकती काढून, पाण्याच्या सँडपेपरवर घासून, तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर एकात एक अशी वर्तुळे दिसतात. वयाचा अंदाज यावरून घेतात. मात्र मोठ्या माशात काट्याचा मध्यभाग पोकळ होत गेलेला असतो आणि पहिली वर्तुळे त्यात नाहीशी झालेली असतात, शिवाय उपासमार किंवा अंडी घालण्याच्या ताणानेही वर्तुळ उमटू शकते. मुलांनी उत्साहाने वर्तुळे मोजली, तरी पाटीवर वय लिहिण्यास मी नकार दिला.

२० एप्रिल

जबडा किती उघडा ठेवावा यावर मतभेद झाला. मुलांना तो पुरता वासलेला हवा होता. जबड्याचा सांधा डोळ्याच्या बऱ्याच मागे असल्याने तोंड खरोखरच प्रचंड उघडते, आणि तसा सांगाडा भीतिदायक दिसला असता. पण शिवडा दिवसा खोल डोहात, काठाच्या कपारीत तळाशी पडून असतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. तोंड वासून तो फिरत नाही, भक्ष्य जवळ आल्यावर क्षणभरच उघडतो. दातांचे पट्टे दिसतील एवढीच फट ठेवली. मुलांचे समाधान व्हावे म्हणून पूर्ण उघडलेल्या तोंडाचे पहिल्या दिवशीचे छायाचित्र शेजारी लावले.

घशातल्या दातांच्या चार लहान गाद्या, दोन वर आणि दोन खाली, वेगळ्या तुकड्यावर चिकटवून समोर ठेवल्या आहेत. जबड्याने धरलेले भक्ष्य या गाद्या आत ढकलतात. कल्ल्यांच्या कमानींबरोबर त्या फेकल्या जाण्याची शक्यता फार असते, आमच्याही कचऱ्याच्या पिशवीतून त्या पुन्हा शोधाव्या लागल्या.

१ जून

यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि हवा दमट झाल्याबरोबर कातडीसह राखलेल्या परावर बुरशीचे करडे ठिपके उमटले. नेलपॉलिश रिमूव्हरने पुसून, दोन दिवस साठ वॅटच्या दिव्याखाली ठेवून, मग पातळ वार्निशचा हात दिला. हे वाळवण झाल्याबरोबर फेब्रुवारीतच करायला हवे होते. फेविक्विकने जोडलेले काही सांधे दमट हवेत सुटले, ते फेव्हिकॉल आणि कापसाच्या धाग्याने पुन्हा बांधले.

सुताराकडून काचेची पेटी २,३०० रुपयांना झाली. मासा १,४७०, दुसऱ्या माशाचा मागचा भाग ५२०, पेरॉक्साइड, ॲसिटोन आणि हातमोजे ६४०, तार आणि गोंद २१०, असा एकूण खर्च ५,१४० रुपये आला. पातेले घरचे होते आणि ते आता स्वयंपाकाला परत नेता येणार नाही, त्याची किंमत यात धरलेली नाही.

पाटी मराठी, कन्नड आणि इंग्रजीत केली. कन्नड मजकूर आमच्या शाळेतील कन्नडच्या शिक्षिकांनी तपासून दिला. तिच्यावर शास्त्रीय नाव वॅलागो अट्टू, पहिले वर्णन ब्लोख आणि श्नायडर यांनी १८०१ मध्ये केले ही नोंद, लाल यादीतील स्थान, आणि हा मासा अंड्यांची किंवा पिलांची राखण करत नाही, उलट पिलेही एकमेकांना खातात, एवढी माहिती आहे. पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवल्या आहेत. श्रोणीचे (लांब पराच्या पुढचे, जोडीचे) लहान पर आमच्याकडून उलटे बसले आहेत अशी शंका कालपासून आहे. सुट्टीनंतर काच काढून छायाचित्राशी ताडून पाहायचे आहे.